पोकर आणि प्रवासासाठी स्वस्त लॅपटॉप: पैसे कशावर घालायचे, कशावर नाही

"गेम खेळायला लॅपटॉप पाहिजे" असं कुणालाही सांगून बघा, उत्तर ठरलेलं असतं: गेमिंग लॅपटॉप घे, ग्राफिक्स कार्ड तेवढं बघून घे. पण गेम जर पोकर असेल तर हा सल्ला सरळ कानाआड करायचा, कारण पोकर माणसासाठी गेम आहे, मशीनसाठी नाही. पत्ते पिसणं, वाटणं, पॉट म्हणजे डावात जमलेली रक्कम मोजणं, कोण जिंकलं ते ठरवणं हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर होतं, तुमच्या लॅपटॉपला फक्त एक टेबल, त्याभोवती बसलेली नावं आणि फोल्ड, कॉल, रेज अशी दोनचार बटणं दाखवायची असतात. त्याच्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं तर ते बिचारं दिवसभर झोपा काढणार. वर त्या लॅपटॉपचं वजन दोन किलोच्या पुढे, चार्जरचा ठोकळा वेगळा, पंख्याचा आवाज वेगळा, आणि बॅटरी सॉकेट दिसेपर्यंत टिकली तर नशीब. प्रवासात तर हे नाकापेक्षा मोती जड असंच प्रकरण होतं.

मग ताकद लागत नाही तर लागतं काय? तर जागा लागते. स्क्रीनवर जागा, मेमरीत जागा, आणि प्रवास म्हटला की सॉकेटपासून लांब राहून तग धरायची तयारी लागते. बजेट कमी असेल तर प्रोसेसरवर वाचवायचं आणि स्क्रीन, रॅम, चार्जिंग या तीन गोष्टींवर हात सैल सोडायचा, माझं मत तरी हेच. आणि हो, पोकर खेळून लॅपटॉपचे पैसे वसूल होतील असला हिशोब करून बजेट वाढवू नका, तो हिशोब बहुतेकांचा कधीच जुळत नाही.

एक टेबल कुठल्याही मशीनवर चालतं. गंमत सुरू होते ती चार, सहा, आठ टेबलं एकदम उघडली की, कारण ऑनलाइन खेळणारे बरेच जण एका टेबलावर समाधानी नसतात. त्यात भर म्हणजे ट्रॅकर. पोकरट्रॅकर ४ किंवा होल्डम मॅनेजर ३ हे सॉफ्टवेअर तुम्ही खेळलेला प्रत्येक हात, म्हणजे डाव, वाचतं, डेटाबेसमध्ये टाकतं आणि प्रत्येक खेळाडूच्या शेजारी त्याचे आकडे दाखवतं, किती टक्के वेळा तो पॉटमध्ये उतरतो, किती वेळा रेज करतो वगैरे, या आकड्यांच्या पट्टीला एचयूडी म्हणतात. तर हा डेटाबेस साधासुधा नसतो, मागे पोस्टग्रेएसक्यूएल नावाचं खरंखुरं डेटाबेस सॉफ्टवेअर चालू असतं, जे मोठमोठ्या वेबसाइट वापरतात तेच. लाखभर हात जमले आणि डिस्क संथ असली की आकडे उशिरा यायला लागतात, आणि पोकरमध्ये निर्णयाला सेकंदं मोजून मिळतात. म्हणून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, पाहिजेच, त्यात तडजोड नाही. पण ट्रॅकर घ्यायच्या आधी तुमची साइट त्याला परवानगी देते का ते बघा, जीजीपोकरसारख्या काही ठिकाणी बाहेरचा एचयूडी चालत नाही, आणि तसं असेल तर लॅपटॉपवरचा अर्धा भार आपोआपच गेला.

सॉल्व्हर हा मात्र वेगळाच प्राणी. पायोसॉल्व्हरसारखं सॉफ्टवेअर एखाद्या परिस्थितीत गणिताच्या हिशोबानं काय खेळावं हे शोधून काढतं, त्याला भरपूर कोअर आणि भरपूर रॅम लागते, आणि स्वस्त प्रवासी लॅपटॉपवर ते चालवणं म्हणजे मशीनला आणि स्वतःला छळणं आहे. तो अभ्यास घरच्या डेस्कटॉपवर करा, नाहीतर जीटीओ विझार्डसारखी ब्राउझरमध्ये चालणारी सेवा वापरा, तिथं उत्तरं आधीच काढून ठेवलेली असतात आणि आपला लॅपटॉप फक्त पान दाखवतो. सॉल्व्हर चालावा म्हणून महागडा लॅपटॉप घ्यायचा विचार डोक्यात येत असेल तर तो तिथंच सोडून द्या.

आता रॅम. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, कागदावर. प्रत्यक्षात ४ जीबीवर विंडोज आणि ब्राउझर दोघंच भांडत बसतात. ८ जीबीवर तीनचार टेबलं, एक ट्रॅकर आणि ब्राउझरच्या थोड्या टॅब असं निभतं, १६ जीबी असेल तर विचारच करायला नको. पण इथं एक मेख आहे, बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, म्हणजे पुढे कधी वाढवू म्हटलं तर वाढत नाही, कायमची तेवढीच. एलपीडीडीआर असं काही लिहिलेलं दिसलं की जवळजवळ नक्कीच सोल्डर समजा. एक स्लॉट मोकळा असेल तर आत्ता ८ जीबीवर घ्या आणि नंतर जोडा, दोन रॅम जोडीनं चालल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही फायदा होतो. स्लॉट नसेल तर मात्र पहिल्याच दिवशी १६ घ्या, भले प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.

स्टोरेजमध्ये एकच गोष्ट टाळायची, ईएमएमसी. अगदी स्वस्त मशीनमध्ये ६४ जीबी ईएमएमसी देतात, हे म्हणजे मोबाइलमधल्यासारखी चिप बोर्डावर चिकटवलेली, संथ, बदलता न येणारी. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागतेच असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं, म्हणजे असा लॅपटॉप पहिल्याच मोठ्या अपडेटला जागा नाही म्हणून रडायला लागणार. २५६ जीबी एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) पोकरला पुरेशी, सिनेमे साठवून न्यायचे असतील तर ५१२ बरी, नाहीतर एक बाहेरची डिस्क ठेवा.

प्रोसेसरवर मी वाचवा म्हटलं खरं, पण नावांची फसवाफसवी तेवढी समजून घ्या. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत चार आकडी नंबरातला तिसरा आकडा आतली पिढी सांगतो. म्हणजे ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ७५३०यू म्हणजे झेन ३, ७५४०यू म्हणजे झेन ४, तिघांच्या डब्यावर ७००० मालिका असंच लिहिलेलं, आणि आत चांगलाच फरक. इंटेलनं २०२३ पासून पेंटियम आणि सेलेरॉन ही नावं बंद करून नुसतं 'इंटेल प्रोसेसर' केलं, त्यातला एन१०० हा चार छोट्या कोअरचा, अगदी कमी वीज खाणारा प्रोसेसर. दोनचार टेबलं आणि व्हिडिओ याला एन१०० पुरतो, चकित व्हाल इतका पुरतो, पण ट्रॅकर आणि वीसपंचवीस टॅब एकदम उघडल्या की दमतो. आय३-१२१५यू किंवा त्याच्या आसपासचं काही मिळालं तर माझ्या मते खर्च आणि वेग यांचा मेळ तिथं चांगला बसतो. आय७ साठी जादा पैसे देऊ नका, या कामात तो फरक तुम्हाला दिसणारच नाही.

स्क्रीनवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तासन्‌तास तिच्याकडेच बघायचंय. स्वस्त लॅपटॉपमध्ये अजूनही १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन खपवतात. चार टेबलं चार कोपऱ्यात लावली तर प्रत्येकाला ६८३ बाय ३८४ पिक्सेल येतात, म्हणजे बेटचे आकडे वाचायला डोळे बारीक करायचे. १९२० बाय १०८० वर त्याच चार टेबलांना प्रत्येकी ९६० बाय ५४० मिळतात, आणि १९२० बाय १२०० असेल, म्हणजे १६:१० प्रमाणाची थोडी उंच स्क्रीन, तर ९६० बाय ६००. ती उंची ऐकायला किरकोळ वाटते पण खालची टास्कबार आणि वरची पट्टी वजा केल्यावर तीच कामाला येते.

पण थांबा, अजून एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. १४ इंची स्क्रीनवर विंडोज आपणहून स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के लावतं, सगळं मोठं दिसावं म्हणून. १५० टक्के झालं की १९२० बाय १०८० ची जागा प्रत्यक्षात १२८० बाय ७२० एवढीच उरते, म्हणजे फुल एचडीचे पैसे देऊन आपण परत जुन्या स्क्रीनच्याही खाली आलो. तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन स्केलिंग कमी करून बघा, १०० टक्क्यांवर अक्षरं बारीक वाटली तर १२५, यातला सुवर्णमध्य ज्याचा त्यानं आपल्या डोळ्यांप्रमाणे शोधायचा. काही जुनी पोकर सॉफ्टवेअर तर स्केलिंगमुळे धुरकटच दिसतात, तो दोष स्क्रीनचा नसतो.

पॅनलचा प्रकार आयपीएस असावा. टीएन पॅनल तिरकं बघितलं की रंग उलटेपालटे होतात आणि बर्थवर आडवं पडून सिनेमा बघताना तर आपण नेहमी तिरकंच बघत असतो. स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' दिसलं तर रंग फिके असणार हे धरून चाला, '१०० टक्के एसआरजीबी' दिसलं तर छान. पोकरला रंगाचं काय एवढं, असं वाटेल, पण चार रंगांची गड्डी वापरणाऱ्यांना विचारा, त्यात चौकट निळी आणि किलवर हिरवं असतं, फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, घाईत ओळखता यावा म्हणून, आणि फिक्या स्क्रीनवर तेच रंग एकमेकांत मिसळायला लागतात. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्स खोलीत चालतात, खिडकीशेजारच्या सीटवर आपलाच चेहरा दिसतो. ३०० च्या वर आणि मॅट फिनिश असेल तर प्रवासात सुख. ओएलईडी आता स्वस्त मॉडेलमध्येही यायला लागलीय, सिनेमाला तोड नाही, पण पोकरवाल्यांनी जरा विचार करा: रोज तासन्‌तास तेच टेबल, तीच बटणं, तीच टास्कबार त्याच जागी राहिली की ओएलईडीवर त्याचा पुसट ठसा कायमचा राहू शकतो, याला बर्न-इन म्हणतात. अधूनमधून खेळणाऱ्याला भीती नाही. रोजच्या मल्टिटेबलवाल्यानं आयपीएसच घ्यावा.

आकार? १४ इंच. विमानातल्या ट्रेवर, पुढच्यानं सीट मागे पाडली तरी, १३-१४ इंची लॅपटॉप कसाबसा उघडतो, १५.६ किंवा १६ इंची अर्धवट उघडून मानेचे हाल. मुक्कामाच्या ठिकाणी मोठी स्क्रीन हवीच असेल तर यूएसबी-सीवर चालणारा पातळ पोर्टेबल मॉनिटर मिळतो, मात्र त्यासाठी लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टला डिस्प्लेपोर्ट आऊटपुट असायला हवं, नुसतं भोक सारखं दिसतं म्हणून चालत नाही.

बॅटरी आणि चार्जिंग

जाहिरातीत 'अमुक तास बॅटरी' लिहिलेलं असतं ते विसरा, ते स्क्रीन मंद करून नुसता व्हिडिओ चालवून काढलेले आकडे असतात. तुम्ही वॉट-अवर बघा. हिशोब अगदी शाळेतला आहे: बॅटरी ५० वॉट-अवर असेल आणि लॅपटॉप सरासरी ८ वॉट खात असेल तर ५० भागिले ८, सव्वासहा तास. साधं ब्राउझिंग, एकदोन टेबलं, मध्यम उजेड असं असलं तर कमी विजेचे लॅपटॉप ६ ते १० वॉटमध्ये राहतात, उजेड पूर्ण आणि सहा टेबलं आणि ट्रॅकर आणि मागे गाणी असं सगळं लावलं की आकडा सहज दुप्पट होतो आणि तास निम्मे. स्वस्त मॉडेलमध्ये ४०-४२ वॉट-अवरची बॅटरी सर्रास असते. ५० च्या वर मिळाली तर उचला.

बॅटरीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे चार्ज कसा होतो ते. जुन्या पद्धतीची गोल पिन असेल तर तो चार्जर हरवला की संपलं. यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीवर चार्ज होणारा लॅपटॉप घ्या, मग ६५ वॉटचा एक गॅन (गॅलियम नायट्राइडचा) चार्जर, हातात मावेल एवढा, लॅपटॉप, फोन, टॅबलेट सगळ्यांना चालतो. युरोपीय संघानं तर फोनसारख्या उपकरणांना २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं केलंय, त्यामुळे नवीन मॉडेलमध्ये हे आता मिळायला हरकत नाही. तरी विकत घेताना विचारून घ्या, कारण काही स्वस्त लॅपटॉपचं यूएसबी-सी फक्त पेनड्राइव्हपुरतं असतं.

पॉवर बँक घेणार असाल तर तिच्यावर ४५ किंवा ६५ वॉट पीडी (पॉवर डिलिव्हरी) आऊटपुट लिहिलेलं पाहिजे, फोनच्या पॉवर बँकेनं लॅपटॉप एक तर चार्ज होत नाही नाहीतर मुंगीच्या पावलानं होतो. आणि विमानाचा नियम माहीत असू द्या, १०० वॉट-अवरपर्यंतच्या लिथियम बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची संमती लागते, आणि सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच. मिलीअँपिअर-अवरचं वॉट-अवर करायला ३.७ नं गुणायचं आणि हजारानं भागायचं: २०००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर, आणि २७००० म्हणजे ९९.९, बरोब्बर शंभराच्या आत. बाजारात २७००० च्या आसपासच्या एवढ्या पॉवर बँका का दिसतात ते कळलं ना?

सिनेमे, सिरीज आणि बाकी करमणूक

इथं दोन गोष्टी बघायच्या. पहिली, व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरमधला खास भाग करतो की सगळा प्रोसेसर घाम गाळतो. यूट्यूब आणि इतर बरेच जण आता एव्ही१ नावाचा फॉरमॅट वापरतात, तेवढाच दर्जा कमी डेटात. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून, त्याचा हार्डवेअर डिकोडर आहे, अगदी एन१०० मध्येसुद्धा. एएमडीमध्ये गंमत आहे, ७५२०यू मध्ये तो आहे पण वेगानं त्याच्या वरचा असलेल्या ७५३०यू मध्ये नाही, कारण त्याचे ग्राफिक्स जुने व्हेगा. डिकोडर नसला म्हणजे व्हिडिओ दिसत नाही असं नाही, पण बॅटरी भराभर उतरते आणि पंखा बोलायला लागतो.

दुसरी गोष्ट डाउनलोडची. लॅपटॉपवर सिरीज उतरवून घेऊ आणि प्रवासात बघू असं गृहीत धरून निघू नका. नेटफ्लिक्सनं विंडोजच्या अ‍ॅपमधली डाउनलोडची सोय २०२४ मध्येच काढून टाकली आणि मॅकवर ती कधी नव्हतीच. डाउनलोड फोनवर किंवा टॅबलेटवर होतात. म्हणून ज्यांना नेटशिवाय ओटीटी बघायचंय त्यांनी लॅपटॉपवरचे थोडे पैसे वाचवून एखादा साधा टॅबलेट बघावा, मी तर म्हणेन लांबच्या विमानात तोच जास्त सोयीचा. स्वतःच्या फाइल असतील तर व्हीएलसी आहेच. नेटवर बघायचं तर डेटाचा अंदाज असू द्या, एचडीला नेटफ्लिक्स तासाला ३ जीबीपर्यंत खातं, साध्या दर्जाला १ जीबीपर्यंत. आणि बॅगेत एक एचडीएमआय केबल टाका, हॉटेलच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला की काम झालं.

ऑपरेटिंग सिस्टम: इथंच लोक फसतात

क्रोमबुक स्वस्त, हलकं, बॅटरी छान, सगळं खरं, पण बहुतेक पोकर साइटची डेस्कटॉप सॉफ्टवेअर आणि ट्रॅकर त्यावर चालत नाहीत. ब्राउझरमधून किंवा अँड्रॉइड अ‍ॅपवर खेळणार असाल तरच घ्या.

स्वस्त विंडोज लॅपटॉप कधीकधी 'एस मोड' मध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच अ‍ॅप बसतात, पोकर साइटवरून उतरवलेलं सॉफ्टवेअर बसतच नाही, आणि माणसाला वाटतं लॅपटॉप बिघडला. बिघडलेला नसतो, सेटिंगमधून एस मोड फुकटात काढता येतो, फक्त एकदा काढला की परत लावता येत नाही. लावायचाय कुणाला!

स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला भारी आहेत, नेहमीची सॉफ्टवेअर ते भाषांतर करून चालवतात आणि बऱ्यापैकी चालवतात, पण ज्या सॉफ्टवेअरला विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवायचा असतो ते असं भाषांतरानं चालत नाही. तुमची साइट आणि तुमचा ट्रॅकर त्यावर चालतो का हे आधी कुणाकडून खात्री करून घेतल्याशिवाय जाऊ नका. मॅकचं म्हणाल तर जुना एम१ मॅकबुक एअर, २०२० चा, सेकंडहँड मिळाला तर प्रवासाला अजूनही जबरदस्त, पंखाच नाही त्यामुळे आवाज शून्य. पोकरस्टार्स आणि पोकरट्रॅकर मॅकवर चालतात, होल्डम मॅनेजर नाही. एम१ ला एव्ही१ डिकोडर नाही, आणि रॅम ८ असेल तर ८ च.

विंडोजवर दोन सेटिंग घेतल्याघेतल्या करा. अपडेट पुढे ढकला आणि अ‍ॅक्टिव्ह अवर्स लावा, नाहीतर टुर्नामेंट ऐन रंगात असताना लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि परत येईपर्यंत तुमचे चिप्स ब्लाइंडमध्ये, म्हणजे पाळीपाळीनं सक्तीनं लावाव्या लागणाऱ्या रकमेत, झिजतात. आणि टचपॅडचं टॅप-टू-क्लिक बंद करा, मनगट लागून ऑल-इन (सगळे चिप्स एकदम डावावर) झालेलं कुठलीही साइट परत देत नाही. साधा वायरलेस माऊस बॅगेत हवाच.

नेट आणि कायदा

पोकरला वेगवान नेट लागत नाही, न तुटणारं लागतं. डेटा व्हिडिओच्या मानानं अगदी किरकोळ, पण हॉटेलचं वायफाय मधेच लॉगिनचं पान परत दाखवतं आणि तेवढ्यात तुमची वेळ संपते. म्हणून फोनचा हॉटस्पॉट हाताशी ठेवा, वायफाय ६ असेल तर बरं कारण गर्दीच्या ठिकाणी ते जास्त नीट सांभाळतं, आणि खोलीत लॅनचं भोक दिसलं तर यूएसबीचं छोटं लॅन अडॅप्टर सोन्यासारखं वाटतं.

प्रवासातला मोठा प्रश्न मात्र वेगळाच असतो, जिथं पोचलात तिथं खेळायला परवानगी आहे का. अमेरिकेत नेवाडा आणि न्यू जर्सीत २०१३ पासून परवान्यानं ऑनलाइन पोकर चालतं पण खेळताना तुम्ही स्वतः परवानगी असलेल्या राज्याच्या हद्दीत असावं लागतं, आणि ते तपासायला लॅपटॉपमध्ये लोकेशनचं सॉफ्टवेअर बसवतात, जे आजूबाजूचे वायफायही बघतं. भारतात २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पोकर त्यात आलं, खोट्या चिप्सवर खेळायला हरकत नाही. व्हीपीएन लावून ठिकाण लपवू असा सल्ला देणारे भेटतील, पण बहुतेक साइटच्या नियमात ते बसत नाही आणि पकडलं तर खातं आणि त्यातले पैसे दोन्ही अडकतात.

सुरक्षितता हा विषय लोक शेवटी ढकलतात, पण पोकर आणि हॉटेल एकत्र आले की तो पुढे आणावा लागतो. २०१३ मध्ये बार्सिलोनात एका मोठ्या स्पर्धेसाठी आलेल्या येन्स क्युल्लोनेन या फिनलंडच्या व्यावसायिक खेळाडूचा लॅपटॉप हॉटेलच्या खोलीतून गायब झाला आणि थोड्या वेळानं परत जागेवर दिसला. त्यानं तो एफ-सिक्युअर या कंपनीकडून तपासून घेतला, तर आत लांबून स्क्रीन बघता येईल असा ट्रोजन, म्हणजे लपून काम करणारं घातक सॉफ्टवेअर, निघाला. म्हणजे समोरच्याला त्याचे पत्ते उघडे दिसणार. २०१५ मध्ये ईसेट कंपनीनं ओडलानॉर नावाचा आणखी एक असाच प्रकार उघडकीला आणला, तो पोकरच्या खिडकीचे स्क्रीनशॉट काढून पाठवायचा, आणि लोकांच्या मशीनमध्ये शिरायचा तो भलत्याच नावाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या आडून. आपण काही एवढे मोठे खेळाडू नाही हे मान्य, तरी डिस्क एन्क्रिप्शन चालू असलेलं, फिंगरप्रिंट असलेलं मशीन घेतलं, खात्याला दोन पायऱ्यांचं लॉगिन लावलं आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपवर टाकलीच नाहीत तर फारसा खर्च न करता बरंच काही वाचतं.

जुना घ्यायचा का?

बजेट फारच कमी असेल तर मी नवीन प्लास्टिकच्या लॅपटॉपपेक्षा ऑफिसमधून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप घ्या म्हणेन. कीबोर्ड चांगला, बिजागऱ्या मजबूत, रॅम बऱ्याचदा बदलता येते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालणारं मशीन हवं, म्हणजे इंटेलची ८ वी पिढी किंवा पुढची. त्याच्या आधीची मशीनं कवडीमोल भावात दिसतील आणि दिसायला चकचकीतही असतील, सोडून द्या. २०१८ चा थिंकपॅड टी४८० हे यातलं लोकांचं लाडकं मॉडेल, आत एक बॅटरी आणि मागे एक काढता येणारी, यूएसबी-सी चार्जिंग, रॅमचे स्लॉट. एव्ही१ मात्र त्यात नाही, आणि काही टी४८० ना १३६६ बाय ७६८ ची टीएन स्क्रीन असते, ती बघून घ्या.

जुन्यात बॅटरी सगळ्यात आधी तपासा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. पहिला ५० आणि दुसरा ३० असेल तर बॅटरीचा चाळीस टक्के जीव गेलेला आहे, नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. त्यानंतर सगळे पोर्ट, सगळी बटणं, बिजागरी, आणि पांढऱ्या पानावर स्क्रीनचे डाग.

नवा असो की जुना, परत करायची मुदत संपायच्या आत खोट्या चिप्सची चार टेबलं लावून, ट्रॅकर असेल तर तोही लावून, चार्जर काढून, आपण नेहमी ठेवतो तेवढ्या उजेडात दोन तास सलग चालवून बघा. किती टक्के उतरली, मांडीवर चटका बसतो का, पंखा किती बोलतो आणि टेबलावरचे आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात का, सगळं त्या दोन तासांत कळतं.